रवा साठवा, खिमट ताजं करा

मे महिना अर्धा सरला की रत्नागिरीत आगोटीची लगबग सुरू होते. पापड, कुरडया, आंबापोळी, कोकमं, सुकी मासळी अशी चार महिन्यांची बेगमी डब्यांत जाते. ज्या घरात पाच-सहा महिन्यांचं बाळ आहे, त्या घराने या यादीत बाळाच्या खाण्याचेही दोन डबे धरावेत. जूनपासून वाळवणाला ऊन मिळत नाही, आणि वरचं अन्न सुरू करायची वेळ पावसासाठी थांबवता येत नाही.

ती वेळ म्हणजे सहा महिने पूर्ण झाल्यावर लगेच. तोवर फक्त आईचं दूध. पाणी, गुटी, मध काहीही नको. मध तर वर्ष होईपर्यंत चाटवूही नका, त्यातल्या बोट्युलिझमच्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. उष्टावणाचा मुहूर्त लांबला म्हणून घासही लांबवणारी घरं मला दर वर्षी भेटतात. कृपा करून तसं करू नका. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि तेवढं लोह आईच्या दुधात नसतं. सोहळा मामाच्या सोयीने करा, घास वेळेवर द्या. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवा.

नोकरीला जाणाऱ्या आया हमखास विचारतात, "डॉक्टर, सकाळी एकदाच शिजवून ठेवलं तर चालेल ना?" माझं उत्तर ठरलेलं आहे. साठवायचं ते कोरडं साठवा. शिजवलेलं ताजं भरवा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते उकळीतही तग धरतात. मऊ भात ओट्यावर कोमट होत राहिला की ते रुजतात, वाढतात. त्यातले काही जंतू असं विष तयार करतात की ते पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून दुपारी "परत एक उकळी काढली" एवढ्याने सकाळचं खिमट निर्धोक होत नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये. आपल्याकडच्या उकाड्यात तर मी तासाभराचीच मुदत धरायला सांगतो.

खिमटाचा रवा घरी करणं सोपं आहे. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ. दोन्ही धुऊन, फडक्यावर पसरून कडकडीत वाळवा. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वेगवेगळं भाजा, कारण डाळ आधी लाल होते. पूर्ण गार झाल्यावरच दळा. गरम दळलेल्या रव्याची वाफ डब्यात धरते आणि तिथूनच बुरशीला सुरुवात होते. घरात उकडा तांदूळ असेल तर तो जरूर वापरा, उकडताना कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात मुरतं. दोन मोठे चमचे रवा वाटीभर पाण्यात कालवून, ढवळत पूर्ण शिजवा आणि वरून चमचाभर तूप किंवा खोबरेल घाला. मीठ आणि साखर वर्षभर नको. आजींना ते अळणी लागेल, बाळाला लागत नाही.

नाचणीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये इतकं क्वचितच सापडतं. पण 'सत्त्व' या नावाखाली आपल्याकडे दोन निरनिराळे पदार्थ केले जातात. एकात भिजवलेली नाचणी वाटून, गाळून, खाली बसलेला साका वाळवतात. तो पांढराशुभ्र दिसतो, पचायला हलका असतो, पण त्यात मुख्यतः पिष्टच उरतं; प्रथिनं आणि क्षार बरेचसे चोथ्याबरोबर जातात. दुसऱ्यात मोड आणून, वाळवून, सबंध नाचणी दळतात. बाळासाठी हे दुसरं करा. रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधा, बारीक मोड दिसले की उन्हात खडखडीत वाळवा, मोड चोळून काढा, हलकंच शेकून दळा आणि चाळा. मोडांना आंबूस वास आला किंवा पांढरे तंतू दिसले तर सगळी नाचणी टाकून द्या.

मोडांचा आणखी एक मोठा उपयोग आहे. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते पिष्ट विरघळवतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात यावर पुष्कळ काम केलं. घट्ट खिमट शिजवून खाली उतरवा, चार-पाच मिनिटं थांबा, त्यात चमचाभर मोडाचं पीठ मिसळा. बघता बघता ते सैल होतं. मग पुन्हा एक चांगली उकळी काढा, कारण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. अशाने पाणी न वाढवता घास गिळायला सोपा होतो. बाळाचं पोट लहान, त्यात नुसतं पाणी भरून भागत नाही. वरणाचं पाणी, पेजेची निवळ यांवर ठेवलेली मुलं पोट भरलेली दिसतात आणि वजनात मागे राहतात. डाळ खाली ठेवून वरचं पाणी बाळाला देण्यात काय अर्थ आहे? चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळणार नाही इतकं दाट अन्न हवं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दोन-तीनदा, नवव्यापासून तीन-चारदा.

दोन्ही पिठं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थोडी थोडी दळून, महिन्याभरात संपतील इतकीच ठेवा. वाळवून भाजलेले तांदूळ-डाळ न दळता ठेवलं तर जास्त टिकतं. ओला चमचा घालू नका. शेंगदाणे, काजू रव्यात दळून ठेवू नका, ते लवकर खवट होतात, आणि दमट शेंगदाण्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजूनही जात नाही. बुरशीचा थर काढून उरलेलं पीठ वापरणं साफ चुकीचं आहे.

नुसत्या खिमटावर लोह मात्र भागत नाही. सहा महिन्यांनंतर अंडं, मासे चालतात, थांबायचं कारण नाही. मुडदुशी किंवा पापलेट उकडून, गर बोटांनी चाचपून, एकही काटा न ठेवता कुस्करून द्या. मोरी आणि मोठी सुरमई नको, मोठ्या माशांत पारा साठतो. शाकाहारी घरांनी डाळीच्या घासावर लिंबाचे दोन थेंब पिळावेत, मोसमात हापूसची फोड कुस्करून द्यावी. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. आशाताई देतात ते लोहाचं औषध, आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर, कपाटात ठेवून देऊ नका.

शिजवलेलं ठेवणं अगदीच भाग असेल, तर ताटलीत पसरून, ताटली गार पाण्यात धरून पटकन निववा, एका वेळेपुरत्या वाट्यांत झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि एका दिवसात संपवा. एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करा. बाळाचा उष्टा चमचा लागलेली वाटी परत ठेवू नका, लाळेबरोबर जंतू जातात. महिन्याभराचं खाणं फ्रीझरमध्ये गोठवण्याचा सल्ला आपल्याकडे मी देत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि वादळ नसतानाही पावसाळ्यात दिवे जातातच. बंद फ्रीजमधलं अन्न चार तास टिकतं, पुढे टाकून द्यायचं.

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं. बाळाचं पाणी गाळून, खळखळून उकळा. बाटली नको, वाटी-चमचा घासून, उकळून घेता येतो. भरवणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, आणि बाळाचेही धुवावेत.

इतकं करूनही जुलाब झाले तर ओआरएस सुरू करा, झिंकसाठी डॉक्टरांना दाखवा, आणि दूध, खिमट बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, शौचात रक्त दिसलं किंवा घोटभरही पोटात ठरेना, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.