काळ्या पडद्यासमोर थांबणारा हात

आमचा विषय इतिहास. तरीही या स्मरणिकेत आम्ही संगणकाच्या नेटवर्कमधील पॅकेट टिपणाऱ्या साधनांविषयी लिहीत आहोत, त्यास कारण आहे. ऊसतोड व शेतमजूर कुटुंबांतील आमचे काही माजी विद्यार्थी आज तंत्रनिकेतनांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतात. सुटीत भेटावयास आलेल्या एकाने सांगितले, "सर, चित्रांच्या खिडकीचा प्रोग्राम जमतो, पण आज्ञा टाइप करावयाचा काळा पडदा उघडला की हात थांबतो. चुकलं तर मशीन बिघडेल, वर्ग हसेल असं वाटतं." या थांबणाऱ्या हाताचा विचार केल्यावाचून आम्हांस राहवले नाही.

प्रथम साधन समजून घेऊ. नेटवर्कवरून जाणारा मजकूर लहान तुकड्यांत विभागला जातो, तेच पॅकेट. पाकिटावर जसे पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव असते, तसे प्रत्येक पॅकेटवर दोन्हींचे पत्ते असतात. ही पाकिटे पाहण्यासाठी 'टीसीपीडम्प' हे साधन १९८८ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मॅकॅन यांनी घडविले. १९९८ साली जेराल्ड कोम्ब्स यांनी 'इथेरिअल' हे खिडकीचे साधन प्रसिद्ध केले. २००६ पासून ते 'वायरशार्क' नावाने ओळखले जाते. त्याचेच काळ्या पडद्यावरील भावंड म्हणजे 'टीशार्क'. ही सर्व साधने मोफत असून त्यांची अंतर्गत रचनाही कोणासही वाचता येते.

मग खिडकी असताना काळा पडदा कशासाठी? दूरच्या सर्व्हरवर बहुधा खिडक्या नसतातच. तेथे केवळ अक्षरांनी काम चालते. तेथील पॅकेट टीसीपीडम्पने फाइलमध्ये साठवावी आणि ती फाइल आपल्या संगणकावर वायरशार्कमध्ये उघडावी, अशी कामाची रीत आहे. खिडकी वापरण्यात कमीपणा नाही. परंतु पडदा टाळणाऱ्याचे काम अर्ध्यावर थांबते.

या साधनाशी सलगी किती, हे विचारले तर उत्तराच्या चार पायऱ्या आम्हांस दिसतात. नाव ऐकलेले असणे ही पहिली. दुसऱ्याची आज्ञा उतरवून चालविणे ही दुसरी. हवी तीच पॅकेट चाळून घेणे ही तिसरी. समोर आलेल्या ओळीचा अर्थ दुसऱ्यास समजावून सांगणे ही चौथी. अनेकजण दुसऱ्या पायरीवर राहून 'येते' म्हणतात, तर काही तिसरीवर पोहोचूनही 'येत नाही' म्हणतात. आमची मुले बहुधा या दुसऱ्या प्रकारची असतात.

आता पहिला पाठ. स्वतःच्या संगणकावर, प्रशासकाचा अधिकार घेऊन, टीसीपीडम्पला मोठ्या 'डी'चा पर्याय द्यावा; नेटवर्क कार्डांची यादी दिसेल. मग लहान 'आय'ने कार्ड निवडावे, 'एन'ने पत्ते अंकांतच ठेवावेत, 'सी'ने वीस पॅकेटची मर्यादा घालावी आणि शेवटी 'पोर्ट ५३' लिहावे. दुसऱ्या खिडकीत 'एनएसलुकअप'ने एखाद्या संकेतस्थळाचे नाव विचारावे. पडद्यावर प्रश्न जाताना व उत्तर येताना दिसेल. पुढे 'पोर्ट ४४३' लिहून तेच संकेतस्थळ उघडावे. बहुधा कंसात प्रथम 'एस', मग 'एस' व टिंब, नंतर केवळ टिंब दिसेल: हाक, ओ आणि पोच. पहिली हाक पुनःपुन्हा जात असेल व ओ येत नसेल, तर दोष वाटेत किंवा पलीकडे आहे हे कळते. ही आज्ञा केवळ वाचते, वाहतुकीत बदल करीत नाही. मशीन बिघडण्याचे भय येथे निराधार आहे. फाइलमध्ये साठविताना मात्र मर्यादा घालावी, नाहीतर डिस्क भरते.

साधन सर्वांस खुले असूनही हात का थांबतो? १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी पाण्यास हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली. तेथे सामाजिक दहशत होती, येथे तशी नाही, हे आम्ही जाणतो. परंतु कागदावर खुले असणे आणि प्रत्यक्ष वापरात येणे यांतील अंतर दोन्हीकडे आहे, आणि ते एकट्याने क्वचितच तुटते.

ते कसे तुटते, याचे उदाहरण आपल्या जामखेडातच आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रिया, त्यांतील अनेक निरक्षर व दलित, जामखेडला येऊन एकत्र शिकत, गावी जाऊन ते करीत आणि पुन्हा येऊन शंका विचारीत. बाळंतपण, बालकांचे वजन, कुष्ठरोगाची ओळख ही कामे त्यांच्या हाती आली. डॉक्टरांच्या मक्तेदारीतील विद्या सरावाने व सोबतीने त्यांची झाली. आमच्या संगणक कक्षातही दोघादोघांनी बसावे, एकाने टाइप करावे, दुसऱ्याने ओळ वाचून अर्थ सांगावा, मग जागा बदलाव्यात.

एक बंधन मात्र पाळलेच पाहिजे. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. दुसऱ्याच्या नेटवर्कवरील पॅकेट परवानगीवाचून टिपणे हे न दिलेले घेणेच होय. २०००चा माहिती तंत्रज्ञान कायदा अनधिकृत प्रवेशास व माहिती उचलण्यास शिक्षा सांगतो, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणास मूलभूत हक्क मानले आहे. म्हणून सराव स्वतःच्या यंत्रावर, किंवा शिक्षकांच्या संमतीने कक्षातील यंत्रावरच करावा.

तथागतांनी धम्माविषयी 'या आणि पाहा' असे आवाहन केले. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, हे त्यांनी कालामांस सांगितले. 'नेट चालत नाही' हे ऐकून गप्प बसण्यापेक्षा हाक कोठपर्यंत गेली हे स्वतः पाहणारा विद्यार्थी या शिकवणुकीशी प्रामाणिक राहतो. पुढील सुटीत येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एक सायंकाळ धाकट्यांसोबत संगणक कक्षात घालवावी, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम.