शाळेची घंटा आणि आमदारसाहेब



मीरारोडच्या बेव्हर्ली पार्कात थंडीच्या दिवसांत पहाटे सव्वासहाला जाऊन पाहा. पुरते उजाडलेलेही नसते. फाटकापाशी मुले शाळेच्या गाडीची वाट बघत पेंगत असतात. सात वाजता वर्ग भरायचा म्हणजे साडेपाचला उठणे आले.

आता हिशेब करू या. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. नऊच धरले तरी रात्री साडेआठला दिवा मालवायला हवा. पण बाबा लोकलने घरी पोचतात तेच नऊला! जेवणखाण होऊन झोपायला साडेदहा वाजतात. रोज दोन तास झोप बुडाली. पाच दिवसांचे झाले दहा तास, म्हणजे आठवड्याला एक अख्खी रात्रच गेली की! अशा मुलाला पहिल्या तासाला गणित येत नाही म्हणून ‘ढ’ म्हणणे बरे नव्हे.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलाव्यात असे सुचवले. मग ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला : पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, २०२४-२५ पासून. जिथे अगदीच अडचण असेल तिथे शिक्षणाधिकाऱ्यांना विचारावे, अशी सोयही ठेवली. अडचणी खऱ्याच आहेत. एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन पाळ्या असल्या, की सकाळची पाळी पुढे सरकली म्हणजे दुपारचीही सरकते, आणि मुले अंधारात घरी येतात. गाडीवाले म्हणतात, नऊला रस्ते तुंबतात. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे ८०० तास अध्यापन व्हायलाच हवे, ते कमी करता येत नाही.

पण गंमत अशी, की हा निर्णय चौथीलाच थांबतो. शास्त्र काय सांगते? बारा-तेराव्या वर्षापासून शरीरातले मेलॅटोनिन हे झोप आणणारे द्रव्य रात्री उशिरा स्रवू लागते. म्हणजे ताई-दादांना झोप उशिरा येते, तो सगळाच आळस नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत असे म्हटले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये तसा कायदाच केला. तो जुलै २०२२ पासून बहुतेक शाळांना लागू झाला.

शासन निर्णय आणि कायदा यांत फरक आहे. निर्णय खाते काढते आणि खातेच बदलू शकते. कायदा विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावा लागतो. विधानसभेत २८८ आमदार. बेव्हर्ली पार्क ज्या शहरात आहे, तिथला मीरा भाईंदर हा मतदारसंघ १४५ क्रमांकाचा. परिषदेत ७८, त्यांतले ७ शिक्षकांनी निवडलेले. आपल्या ठाणे जिल्ह्यासाठी कोकण विभागाचा शिक्षक मतदारसंघ आहे. गुरुजींनी त्यांनाच लिहावे हे उत्तम. आमदार तारांकित प्रश्न विचारतात, त्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते. लक्षवेधी सूचनाही मांडता येते. अधिवेशन सुरू व्हायच्या आधी पत्र पोचले तर उपयोग.

पत्र पालकांनी लिहावे, कारण मत त्यांचे. एका पानात, साध्या मराठीत. आपला पत्ता व मतदारसंघ घालावा. नुसते ‘मुलांचे हाल होतात’ असे लिहू नये. गाडी किती वाजता येते, मूल किती तास झोपते, ते आठवडाभर वहीत टिपून जोडावे. मागणी एकच असावी : पाचवीपासून पुढच्या वर्गांचाही विचार व्हावा. दोन पाळ्यांचे काय करायचे, तेही सुचवावे. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. महिन्याभरात उत्तर आले नाही, तर पोचेची तारीख घालून पुन्हा लिहावे.