कातानियाचा मासळी बाजार

इटलीच्या दक्षिणेस सिसिली हे मोठे बेट आहे. तेथे एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी, समुद्रकाठी कातानिया शहर वसले आहे. मुख्य चौकातील कारंज्यामागच्या पायऱ्या उतरल्या, की मासळी बाजार लागतो. सकाळी तेथे एकच गडबड असते. विक्रेते ओरडून गिऱ्हाइकांना बोलावतात. फळ्यांवर तारली, कोळंबी आणि टुना मासे मांडलेले असतात. तलवार माशाची लांब सोंड आकाशाकडे रोखलेली दिसते. शेजारीच लिंबे, ऑलिव्ह व चीज विकतात.

सिसिलीत टुना पकडणाऱ्या कोळ्यांच्या प्रमुखाला ‘राईस’ म्हणत. हा शब्द मूळचा अरबी. आपल्या उर्दूतील ‘रईस’ तोच! नवव्या ते अकराव्या शतकात सिसिलीवर अरबांचे राज्य होते. राज्य गेले, शब्द मात्र कोळ्यांच्या तोंडी शेकडो वर्षे टिकला.