ट्रॅक्टर व ट्रॉली यांमधील दिव्यांची जोडणी व तींतील बिघाड

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर चालूं लागतात. एका ट्रॅक्टरमागें दोन ट्रॉल्या, त्यांत पुरुषभर उंच रचलेला ऊंस, आणि मागच्या ट्रॉलीच्या शेवटीं पुष्कळदां निव्वळ काळोख, हा देखावा आमच्या वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. ट्रॅक्टर हांकणाऱ्यास पुढचा रस्ता स्वच्छ दिसतो. त्याच्या यंत्राचे मागचे दिवेहि लागलेले असतात. परंतु ते ट्रॉलीच्या आड पूर्णपणें झांकले जातात. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास जी कांहीं सूचना मिळावयाची ती शेवटच्या ट्रॉलीच्या लाल दिव्यांकडूनच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे असें सांगितलें आहे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारी मोटारसायकल एवढें अंतर सुमारें ९ सेकंदांत तोडते. दिवा बंद असेल, तर तिच्या स्वतःच्या उजेडांत ट्रॉली दिसेपर्यंत यांपैकीं बहुतेक सेकंद संपलेले असतात. उभ्या ट्रॉलीवर रात्रीं आदळून माणसें दगावल्याच्या वार्ता दर हंगामांत आपण वाचतों. म्हणून या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयावर आम्ही येथें कांहीं सविस्तर लिहीत आहों.

दिवा लागत नाहीं असें दिसलें कीं बल्ब बदलावयाचा, ही आपली सर्वसाधारण रीत. बल्ब जळाला असेल तर तेवढ्यानें काम भागतें. परंतु आमच्या पाहण्यांत आलेले बहुतेक बिघाड बल्बांत नसून विजेच्या परतीच्या वाटेंत होते, आणि ती वाट कोणी तपासलीच नव्हती. एका बागाईतदारानें एका आठवड्यांत तीन वेळां बल्ब आणले. दोष निघाला तो ट्रॉलीच्या सांगाड्यावर गंजून बसलेल्या एका स्क्रूमध्यें.

वीज बॅटरीच्या धन टोंकापासून निघते, दिव्यांतून जाते आणि ऋण टोंकाकडे परत येते. हा फेरा पुरा झाला तरच दिवा लागतो. सरकारी भरणा तिजोरींत जमा होऊन चलनाची पावती हातीं येईपर्यंत भरणा झाला असें म्हणतां येत नाहीं. विजेचेंहि तसेंच आहे. जाणाऱ्या तारा अनेक असतात, कारण प्रत्येक कामासाठीं निराळी तार लागते. परतीची वाट मात्र सर्वांस मिळून एकच. ही वाट ट्रॅक्टरच्या बाबतींत त्याच्या लोखंडी सांगाड्यांतून जाते. ट्रॉलीच्या बाबतींत ती जोडणीच्या पांढऱ्या तारेंतून जावयास पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं ती तार तुटलेली असते किंवा मुळांतच बसविलेली नसते, आणि सर्व परतीचा भार ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरच्या हुकांत ज्या खिळीनें अडकविलेला असतो त्या खिळीवर पडतो. खिळीला वंगण, चिखल व गंज यांचें लेपन झालेलें असतें, शिवाय ती दर खड्ड्यागणिक हालते. अशा खिळीवर विजेनें विसंबावें हें बरें नव्हे.

ट्रॅक्टरच्या मागें जें सात छिद्रांचें गोल सॉकेट असतें, त्याची आंतरराष्ट्रीय पद्धतीची मांडणी अशी आहे. १ क्रमांकाच्या जागीं डावीकडे वळण्याचा दिवा, खूण एल्, तार पिवळी. २ क्रमांक धुक्याच्या दिव्यासाठीं, तार निळी. आपल्याकडे ही जागा बहुधा रिकामी राहते. ३ क्रमांक परतीचा, खूण ३१, तार पांढरी. ४ क्रमांकाच्या जागीं उजवीकडे वळण्याचा दिवा, खूण आर्, तार हिरवी. ५ व ७ हे मागच्या लाल दिव्यांचे, उजव्याची तार तपकिरी व डाव्याची काळी. ६ क्रमांक ब्रेकच्या दिव्याचा, खूण ५४, तार तांबडी. हे आंकडे सॉकेटाच्या झांकणामागें बारीक अक्षरांत कोरलेले असतात. तारेच्या रंगावर मात्र भरंवसा ठेवूं नये. गांवोगांवच्या कारागिरांनीं हातीं आली ती तार जोडलेली असते, आणि कित्येक ट्रॉल्यांत सातही तारा एकाच रंगाच्या आम्हीं पाहिल्या आहेत.

आतां बिघाडाचीं लक्षणें. फक्त एकच दिवा लागत नसेल तर प्रथम त्याचा बल्ब, मग त्याची तार पाहावी. ब्रेकचे दोन्ही दिवे एकदम गेले असतील तर ६ क्रमांकाच्या तारेकडे जावें, कारण दोन बल्ब एकाच दिवशीं जळणें विरळा. प्लग बसवितांच किंवा एखादें बटण दाबतांच फ्यूज उडत असेल, तर ट्रॉलीची कोणती तरी तार लोखंडावर घासून उघडी पडली आहे असें समजावें. तेथें जाड फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदी घालणें म्हणजे तारेस आग लावणें होय. परंतु डावीकडचा वळणदिवा मिचकावला असतां मागचे लाल दिवे त्याच्याबरोबर मंद मंद लुकलुकूं लागले, किंवा ब्रेक दाबतांच भलतेच दिवे पेटले, तर तें परतीच्या वाटेच्या बिघाडाचें हटकून लक्षण आहे. या चमत्काराचें कारण असें, कीं वळणदिव्यांतून आलेल्या विजेस परतीची नेहमींची वाट बंद आढळते. मग ती ट्रॉलीच्या लाल दिव्यांत उलट शिरते, त्यांच्या तारेनें ट्रॅक्टरकडे मागें जाते व तेथल्या लाल दिव्यांतून सांगाड्यांत उतरते. इतक्या आडवळणानें गेलेली वीज कोणताही दिवा धड लावीत नाहीं. असे खेळ दिसले असतां बल्बास हात लावूं नये.

यावर सर्वांत सोपी परीक्षा अशी. प्रथम ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून चाकांस दगड लावावे. नंतर एक लांब जाड तार घेऊन तिचें एक टोंक ट्रॅक्टरच्या घांसून उघड्या केलेल्या लोखंडास धरावें व दुसरें टोंक ट्रॉलीच्या दिव्याच्या परतीच्या स्क्रूस टेंकवावें. त्या क्षणीं मंद दिवा लख्ख झाला, तर दोष परतीच्या वाटेंत आहे हें सिद्ध झालें. मग तींतील तीन जागा क्रमानें पाहाव्या. प्लगांतील ३ क्रमांकाची पिन, पांढरी तार ट्रॉलीच्या सांगाड्यास ज्या स्क्रूनें जोडली असते तो स्क्रू, आणि प्रत्येक दिव्याचा स्वतःचा बोल्ट. यांत दुसऱ्या जागेवर आमचा विशेष संशय असतो. ट्रॉलीस नवीन रंग दिला म्हणजे रंगारी स्क्रूखालींहि रंग भरतो, आणि रंगांतून वीज जात नाहीं. तेथील रंग व गंज काचकागदानें चकाकेपर्यंत खरडून, दांतेरी वायसर घालून स्क्रू आवळावा, आणि वरून ग्रीसचा हात द्यावा.

परतीची वाट निर्दोष ठरली, तर बिघाड ट्रॅक्टरकडे आहे कीं ट्रॉलीकडे हें ठरवावें. त्यासाठीं १२ व्होल्टचा एक जुना बल्ब होल्डरांत बसवून त्यास दोन तारा जोडून ठेवाव्या. प्लग काढून एक तार सॉकेटाच्या ३ क्रमांकांत व दुसरी क्रमानें इतर जागीं घालावी, आणि त्या त्या वेळीं आंत बसलेल्या माणसानें ते ते बटण दाबावें. सर्व ठिकाणीं बल्ब नीट लागला म्हणजे ट्रॅक्टर दोषमुक्त झाला, आणि शोध ट्रॉलीपुरता उरला. ट्रॉलीची परीक्षा सुट्या बॅटरीवरहि होते. मात्र मध्यें १० अँपियरचा फ्यूज घातल्याशिवाय ती करूं नये.

पुष्कळांजवळ हल्लीं मल्टिमीटर असतो. त्याच्यावर भिस्त ठेवणाऱ्यांस एक सूचना देतों. बारीक तारांच्या जुडींतील एकच केस शिल्लक असला तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो, कारण मीटर स्वतः जवळजवळ वीज घेतच नाहीं. दिवा लागण्यास वीज वाहावी लागते, आणि ती त्या एका केसांतून वाहूं शकत नाहीं. म्हणून मोजणी नेहमीं दिवे चालू ठेवून करावी. मीटरची काळी सळई बॅटरीच्या ऋण टोंकास व तांबडी दिव्याच्या परतीच्या स्क्रूस लावावी. अर्ध्या व्होल्टच्या आंत आंकडा आला तर वाट बरी आहे; एक व्होल्टच्या वर गेला तर वाटेंत अडथळा आहे. हा अडथळा थोडा असला तरी त्याचा परिणाम मोठा होतो. जुन्या तऱ्हेच्या बल्बास १२ च्या जागीं १० व्होल्ट मिळाले तर त्याचा उजेड जवळजवळ निम्मा होतो. आपणांस दिवा लागलेला दिसतो, आणि मागच्यास तो दिसत नाहीं.

दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनीं पुढील हिशेब ध्यानांत घ्यावा. वळणाचा व ब्रेकचा बल्ब प्रत्येकीं २१ वॅटचा, लाल दिव्याचा ५ वॅटचा. दोन ट्रॉल्यांचे ब्रेकचे चार, लाल चार व एका बाजूचे वळणाचे दोन दिवे एकदम लागले, तर १४६ वॅट होतात, म्हणजे सुमारें १२ अँपियर. इतर तारांवर हा भार वांटला जातो, पण परतीच्या एका तारेवर तो सगळा येतो. म्हणून ती तार अडीच चौरस मिलिमीटरपेक्षां बारीक नसावी. इतरांस दीड चौरस मिलिमीटर पुरेशी होते. पहिल्या ट्रॉलीच्या मागेंहि सॉकेट पाहिजे व तेथपर्यंत पांढरी तार अखंड नेलेली पाहिजे. मधल्या हुकावर काम भागवूं पाहणाऱ्यांची मागची ट्रॉलीच नेहमीं अंधारांत असते, आणि दिव्याची खरी गरज तर तिलाच.

प्लगाच्या पितळी पिना पाऊस व उंसाचा रस यांनीं कळकतात. हिरवा कळंक दिसला तर पिना काचकागदानें साफ कराव्या, आणि त्यांच्या मधली चीर चाकूच्या टोंकानें किंचित् उघडावी, म्हणजे त्या सॉकेटांत घट्ट बसतात. सॉकेटाचें झांकण तुटलें असेल तर तें पंधरा दिवसांनीं बदलूं असें म्हणूं नये. जोडतार वळणावर ताणली जाणार नाहीं इतकी सैल, परंतु रस्त्यावर लोंबणार नाहीं इतकी आटोपशीर असावी. वळवून वर टेप गुंडाळलेला सांधा एक पावसाळाहि टिकत नाहीं. तेथें डाग द्यावा किंवा दाबाचा लग लावावा. ट्रॉलीस वेल्डिंग करावयाचें असेल तर प्लग आधीं काढावा, नाहीं तर वेल्डिंगची वीज परतीसाठीं आपल्या बारीक तारांचीच वाट धरते व सगळी जोडणी जळते.

एलईडी दिवे बसविण्याचा प्रघात आतां पडला आहे, आणि भार कमी होत असल्यानें तो चांगलाहि आहे. मात्र त्यामुळें वळणदिवा घाईघाईनें मिचकावूं लागला तर घाबरूं नये. बल्ब गेला असें समजून तो यंत्रभाग तसें करतो, आणि एलईडीस योग्य असा दुसरा फ्लॅशर बसविला म्हणजे तें थांबतें.

शेवटीं, दिवे कितीही चांगले असले तरी वाटेंत ते बंद पडूं शकतात. यासाठीं मागच्या फळीवर दोन लाल परावर्तक असावे, व ते दर खेपेस चिखल पुसून निघावे. उंसाचीं वाढें मोळीबाहेर लोंबून दिवे व परावर्तक झांकतात, तीं कांट्यावरून निघण्यापूर्वीं कोयत्यानें छाटावीं. नंतर एकानें ब्रेक व दोन्ही बाजूंचे दिवे लावावे आणि दुसऱ्यानें पन्नास पावलें मागें जाऊन ते पाहावे.