शेळीची स्वच्छ धार



तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घटतो, हे आपणांस कोणी सांगायला नको. दुधाचे तर त्याहून नाजूक. म्हणून यावेळी घरच्या शेळीविषयी थोडे.

मागे एका पावसाळ्यात आम्ही नेरळला पाहुण्यांकडे गेलो होतो. माथेरानच्या पायथ्याचा तो पाऊस. जमीन म्हणून वाळत नाही. पडवीत दोन शेळ्या होत्या. एकीची कास एका बाजूने गरम आणि दगडासारखी घट्ट. करडू लुचायला गेले की ती लाथ मारी. "होईल आपोआप बरी," म्हणत घरच्यांनी चार दिवस घालवले. पशुवैद्यांच्या औषधाने शेळी वाचली, पण तो सड कायमचा आटला. गाईला सड चार, शेळीला दोनच. एक गेला म्हणजे निम्मे दूध गेले!

हा रोग कासदाह. कोणी दगडी म्हणतात. सडाच्या टोकाच्या छिद्रातून जंतू आत शिरतात. ओली जमीन, मळके हात आणि सडाची जखम ही त्याची मुख्य कारणे. तेव्हा पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१) पावसाळ्यात शेळ्या फळ्यांच्या उंच माचावर बांधाव्यात. फटींतून लेंड्या व मूत खाली पडते, कास कोरडी राहते.

२) नखे कापावीत, हात साबणाने धुवावेत. कास कोमट पाण्याने पुसून लगेच कोरडी करावी. प्रत्येक शेळीला फडके वेगळे.

३) पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर वेगळ्या भांड्यात घ्याव्यात, जमिनीवर सोडू नयेत. गाठी, रक्त किंवा पाणचट दूध दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. अशा शेळीची धार शेवटी काढावी व ते दूध घरात वापरू नये.

४) अंगठा मुडपून किंवा चिमटीने सड ओढू नये; आतून इजा होते. सड मुठीत धरून वरून खाली एकेक बोट दाबत यावे. सडाला थुंकी किंवा दूध लावण्याची सवय सोडावी.

५) धार संपली की पशुवैद्यांनी दिलेल्या आयोडीनच्या औषधात सड बुडवावेत. नंतर पुढ्यात पाला टाकावा, म्हणजे शेळी अर्धा तास उभी राहील. तोवर सडाचे छिद्र मिटत नाही. ती बसली की घाण आत जाते.

६) दूध स्वच्छ फडक्यातून गाळून उकळूनच प्यावे. कच्च्या दुधातून माणसालाही रोग होतात. औषध चालू असता डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध वापरू नये.

बोकड दुभत्या शेळ्यांपासून दूर बांधावा, म्हणजे दुधाला उग्र वास लागत नाही.

यात खर्च तो किती? साबण, फडकी आणि थोडे औषध. नेरळच्या त्या घरी आता काळे फडके खुंटीलाच टांगलेले असते. आपल्या घरी ते आजच टांगावे, एवढीच विनंती.