माडीवरच्या खोलीसाठी

कामतघर, भिवंडी

चि. सोनू,

तुझी यादी पोचली. कीबोर्ड, माऊस, हेडफोन, माइक, सगळं अभ्यास करून निवडलेलं दिसतं. पण ही निवड शांत खोलीसाठी आहे. तू राहायला येतेस त्या माडीच्या खिडकीसमोर, गल्लीपलीकडे, साध्या मागांचा कारखाना आहे. वस्तूंची परीक्षणं करणाऱ्यांच्या घरी सूत उडत नाही आणि धोटा आपटत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी यादी इथल्या हवेत एकदा पारखून घे.

आधी धूळ. आपल्याकडच्या धुळीत मातीपेक्षा सुताचे तंतू जास्त. चेंडूवाले माऊस होते तेव्हा आतल्या बारीक रुळांवर त्या तंतूंचं वेटोळं बसायचं आणि पडद्यावरचा बाण अडखळायचा. टाचणीने ते सोलून काढणं हे आमचं नित्याचं काम. 1999 साली मायक्रोसॉफ्टने चेंडू काढून प्रकाशावर चालणारा माऊस आणला. तसा माऊस माझ्या टेबलावर आला तेव्हा मला त्याच्या अचूकतेपेक्षा टाचणी सुटल्याचा आनंद मोठा होता. तू निवडलेला माऊस ठीक आहे. खालच्या भिंगाच्या खळग्यातून मऊ ब्रश फिरवत जा, म्हणजे झालं.

पातळ, सपाट कीबोर्ड मात्र घेऊ नकोस. त्यात कळांखाली रबराचा एकच पत्रा असतो, आत तंतू गेले की साफ करणं जिकिरीचं. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळेला स्वतःचा स्विच असतो, टोपी उपटून ब्रश मारता येतो. माझा टीव्हीएस गोल्ड तू पाहिला आहेस. जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच त्यात आहेत. अशा स्विचचं आयुष्य कंपनी 5 कोटी दाब सांगायची. त्याचा टकटकाट मला फार प्रिय आहे, तरी तुला निळे स्विच नकोत, कारण तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ते ऐकू येतील. तपकिरी घे. दाब लागल्याचं बोटाला कळतं, आवाज बेताचा. तू इन्स्क्रिप्टवर मराठी टंकतेस, डावा हात स्वर आणि मात्रा सांभाळतो, तेव्हा त्या बाजूच्या कळा खूप चालतात. चेरीच्या जुन्या पेटंटची मुदत संपल्यापासून चिनी स्विच स्वस्त झालेत. डाग न देता बदलता येणारे स्विच असलेला कीबोर्ड घेतलास तर खराब झालेला एकच काढून दुसरा बसवता येईल.

आता आवाज. यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो.

तू निवडलेल्या महाग ब्लूटूथ हेडफोनचं नॉइज कॅन्सलिंग विमानाच्या घरघरीवर उत्तम चालतं. बाहेरचा आवाज माइकने ऐकून त्याची उलटी लहर सोडायची, अशी ती युक्ती आहे. सलग, खालच्या पट्टीतला आवाज तिला आवरतो. मागाचा आवाज ठोक्याचा, वरच्या पट्टीपर्यंत पसरलेला. तिथे कान नीट बंद करणं हाच इलाज. कानात घट्ट बसणारे, फोमची टोपी असलेले वायरचे इअरफोन घे. तुझ्या रकमेच्या लहानशा हिश्शात येतील आणि टोप्या बदलता येतात. टोपी पिळून कानात घालायची आणि ती फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात गेलीस तर घालूनच बघ. कानाचं भोक प्रत्येकाचं वेगळं असतं.

हा आग्रह नुसत्या स्वरांच्या स्पष्टतेसाठी नाही. मी लहान असताना कारखान्यांत विविध भारती लावलेली असायची, मागांच्या वर ऐकू यावी म्हणून रेडिओ पूर्ण पिळलेला. मागाच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि त्यावर गाणं चढवायचं म्हणजे आणखी वर. अमेरिकेतल्या निओश या संस्थेचा दंडक असा: 85 डेसिबल आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 94 ला एकच तास. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या कारखान्यांतले किती काका आज घरात मोठ्याने बोलतात, तू पाहतेसच. म्हणून आधी बाहेरचा आवाज अडव, मग व्हॉल्यूम ठरव. खिडकी उघडी ठेवून व्हॉल्यूम वाढवत बसलीस तर मला ते अजिबात चालणार नाही.

माइकचंही तेच. यादीतला कंडेन्सर माइक बंद स्टुडिओत गोड वाजतो. तुला डायनॅमिक घे म्हणतो, 1966 पासून चालत आलेल्या शुअर एसएम 58 च्या जातीचा. लोक म्हणतात डायनॅमिक माइक बाहेरचा गोंगाट गाळतो. तसं काही नाही. तो ओठांजवळ धरून बोलायचा असतो, आणि अंतर निम्मं केलं की तुझा आवाज साधारण 6 डेसिबलने चढतो, माग मात्र होता तिथेच राहतो. करामत अंतराची आहे. चार बोटांवर धर, किंचित तिरका, म्हणजे प आणि फ फुटणार नाहीत. मागच्या भिंतीला गोधडी टांग आणि माइकची पाठ खिडकीकडे ठेव, कारण हे माइक पाठीमागचं कमीत कमी ऐकतात.

रेकॉर्डिंगमध्ये सलग गुणगुण आली तर नवं साउंड कार्ड घ्यायला धावू नकोस. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐक. गुणगुण गेली तर दोष बहुधा अर्थिंगचा, किंवा दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांवर लावल्याचा. तू यायच्या आधी माडीची अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतो आणि टेबलाजवळ तीन पिनांचा एकच बोर्ड बसवून ठेवतो. हेडफोनची ऑर्डर रद्द कर आणि टेबल किती लांब हवं ते कळव, सुताराला माप द्यायचं आहे.

तुझा
मामा