आईवडिलांची शुश्रूषा : गृहस्थाचा पहिला धम्म



14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील एका प्रतिज्ञेने आपण श्राद्धपक्ष आणि पिंडदान कायमचे सोडले. आपल्यापैकी ज्यांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे, त्यांना नातेवाईक हमखास विचारतात, "मग आईबापांचे ऋण कसे फेडणार?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक बौद्ध कुटुंबाला देता आले पाहिजे. उत्तर असे की, आम्ही ऋण नाकारलेले नाही. ते मेल्यानंतर कावळ्याला घास ठेवून फेडता येत नाही, म्हणून जिवंतपणीच फेडायचे असे आम्ही ठरवले आहे. परंतु हे उत्तर तोंडाने देणे सोपे आहे. घरातल्या खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहूनच ते खरे की खोटे हे ठरते.

या विषयावर भगवान बुद्धांनी काय सांगितले ते प्रथम पाहू. राजगृहात सिगाल नावाचा एक तरुण गृहस्थ होता. वडिलांनी मरताना सांगितले म्हणून तो रोज सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करी. भगवंतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. मुलाने त्यांचा सांभाळ करावा, त्यांची कामे करावीत, कुळाची रीत राखावी, वारशाला पात्र व्हावे आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या नावे दान द्यावे. आईवडिलांचीही पाच कर्तव्ये तेथेच सांगितली आहेत. मुलाला विद्या किंवा शिल्प शिकवणे हे त्यांतील एक होय. आपल्या आईवडिलांपैकी कित्येकांनी स्वतःला अक्षर येत नसताना हे कर्तव्य पार पाडले. आता पाळी आपली आहे.

दुसरा प्रसंग विनयपिटकातील आहे. एक भिक्षू पोटाच्या विकाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. कारण विचारले तेव्हा इतर भिक्षूंनी सांगितले की, तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. मग त्यांनी संघाला बजावले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. माणूस आपल्या उपयोगी पडतो का, हे पाहून सेवा करायची नसते. म्हाताऱ्या आईवडिलांच्या बाबतीत हे विसरू नये.

आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी पाच गुण असावेत असे भगवंतांनी सांगितले आहे. ते आपल्या घराला लावून पाहू.

पहिला गुण : औषध देता येणे. सर्व गोळ्यांची एक वही करावी. गोळी कोणती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, हे लिहावे. दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्यावी.

दुसरा गुण : हितकर काय आणि अहितकर काय हे ओळखणे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास भरवताना त्यांना बसते करावे आणि नंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे, म्हणजे ठसका लागत नाही. न्हाणीची फरशी कोरडी ठेवावी, भिंतीला धरायला दांडा बसवावा, रात्री लहानसा दिवा लावावा. पडून खुब्याचे हाड मोडले की म्हातारा माणूस पुन्हा सहजासहजी उठत नाही. आपल्या मनमाडने पाण्याची टंचाई वर्षानुवर्षे भोगली आहे. पाणी कितीही कमी असो, घरातला पहिला हंडा आजाऱ्याच्या अंग पुसण्यासाठी ठेवावा.

तिसरा गुण : लाभाच्या आशेने नव्हे, मैत्रीभावाने सेवा करणे. पेन्शनच्या तारखेलाच ज्याला आईबाप आठवतात त्याने या गुणाचा विचार करावा.

चौथा गुण : मलमूत्र, थुंकी, ओकारी काढण्याची किळस न करणे. येथे मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे. माझे वडील रेल्वेत खलाशी होते. निवृत्तीनंतर अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळले. मी औषधे आणत होतो, पैसे देत होतो आणि कर्तव्य झाले असे समजत होतो. एके दिवशी शाळेतून लवकर घरी आलो. माझी पत्नी त्यांचे अंथरूण बदलत होती आणि ते भिंतीकडे तोंड करून रडत होते. सुनेने हे करावे याची त्यांना लाज वाटत होती आणि मुलाला सांगायला ते कचरत होते. मुलगा मास्तर झाला होता ना! ज्या समाजव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या घाणीचे काम आपल्या माथी मारले, तिच्याशी आपण लढलो ते योग्यच झाले. पण दोन इयत्ता अधिक शिकून आपल्याच बापाची किळस आपल्याला येऊ लागली, तर त्या व्यवस्थेचे विष आपल्यातही भिनले असे म्हणावे लागेल. त्या दिवसापासून ते काम मी केले. पहिल्या दिवशी दोघांनाही अवघडल्यासारखे झाले, आठवड्याभरात ते सवयीचे झाले.

म्हणून सर्व भार सुनेवर टाकू नका. समतेचा धम्म उंबरठ्याच्या आतही पाळायचा असतो. मुलगा, मुलगी, जावई, नातवंडे यांनी वेळ वाटून घ्यावी. नोकरीमुळे सेविका ठेवावी लागली तर तिला योग्य मोबदला द्या, आठवड्याची सुट्टी द्या, तिचा कप वेगळा ठेवू नका. आपल्याही कित्येक भगिनी दुसऱ्यांच्या घरी हेच काम करून संसार चालवतात.

पाचवा गुण : धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवणे. यासाठी जवळ बसावे लागते, आणि तेथेच आपण कमी पडतो. मनमाड जंक्शनवरून आपली मुले मुंबईला, पुण्याला नोकरीसाठी जातात. महिन्याला पैसे येतात, माणूस येत नाही. 1913 च्या जानेवारीत तरुण भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजीबाबांची अखेरची घटका आली होती. 2 फेब्रुवारी 1913 रोजी ते गेले. आपल्यापुढे आज गाड्यांना तोटा नाही. तेव्हा वेळेवर घरी या. मिठाई नसली तरी चालेल.

घरी आल्यावर त्यांना बोलते करा. 1938 च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली आपल्या मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली होती. त्याआधी 13 ऑक्टोबर 1935 ला जवळच्या येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. या घटनांविषयी त्यांनी आपल्या वडिलांकडून, आजोबांकडून काय ऐकले ते विचारा आणि लिहून ठेवा.

काही घरांत आई अजून जुन्या देवाला मनातल्या मनात हात जोडते. तिच्यावर ओरडू नका. आईबापांना खांद्यावर शंभर वर्षे वाहिले तरी ऋण फिटत नाही, पण त्यांना श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत स्थिर केले तर ते फिटते, अशी बुद्धवचनाची शिकवण आहे. स्थिर करणे म्हणजे हिसकावणे नव्हे. तुमच्या वागण्यातून धम्म दिसला तर ती आपणहून विचारील.

कायदाही माहीत असावा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली झाला. त्याखाली मुलाप्रमाणे मुलीवरही जबाबदारी आहे आणि उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निराधार वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात मिळतो. 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. वस्तीतील ज्या वृद्धांचे कोणी नाही त्यांचे अर्ज आपल्या शिकलेल्या मुलांनी भरून द्यावेत.

या पंधरवड्यात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. औषधांची वही सुरू करावी. न्हाणीत दांडा बसवावा. आणि वंदना झाल्यावर रोज अर्धा तास, रेडिओ-टीव्ही बंद करून, आईवडिलांच्या खाटेशी बसावे. पुढच्या वेळी कोणी विचारले, "तुम्ही श्राद्ध करत नाही, मग आईबापांसाठी काय करता?" तर त्यांना घरात बोलवावे आणि ती खाट दाखवावी.

जयभीम!